राष्ट्रीय प्रतीकांचे बालशिक्षण आणि सम्राट अशोक

प्रजासत्ताक दिन अथवा स्वातंत्र्यदिन जवळ आला, की प्राथमिक शाळांतून बालकांकडून राष्ट्रीय प्रतीकांची यादी पाठ करून घेतली जाते. राष्ट्रध्वज तिरंगा, राष्ट्रीय पक्षी मोर, राष्ट्रीय प्राणी वाघ, राष्ट्रीय वृक्ष वड आणि राजमुद्रेवर सिंह. मूल ही यादी घडाघडा म्हणते, टाळ्या मिळवते आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरून जाते. हे सिंह कोठून आले, हे चक्र मुळात कोणाचे, असा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. विहारातील बालवर्गात आम्ही राजमुद्रेवरील सिंहांची संख्या विचारतो, तेव्हा बहुतेक मुले तीन असे उत्तर देतात. हातात नाणे दिले तरी तीनच दिसतात. चौथा सिंह पाठीमागे आहे. या देशाचा बौद्ध वारसाही बालशिक्षणात बहुधा त्या चौथ्या सिंहासारखाच पाठीमागे राहिला आहे. तो समोर कसा आणावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सारनाथचा स्तंभशीर्ष

वाराणसीजवळील सारनाथ म्हणजेच प्राचीन ऋषिपतन मृगदाव. येथे आषाढी पौर्णिमेस भगवान बुद्धांनी कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अश्वजित या पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला. त्या घटनेला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात. त्यानंतर सुमारे अडीचशे ते तीनशे वर्षांनी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाने तेथे चुनारच्या वालुकाश्माचा एक गुळगुळीत, चकाकणारा स्तंभ उभारला. सातव्या शतकात सारनाथला आलेल्या ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने तेथील तेजस्वी शिलास्तंभाची नोंद केली आहे. पुढे विहार उद्ध्वस्त झाले आणि स्तंभाचे तुकडे मातीखाली गेले. १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ओएर्टेल यांना त्याचा सिंहशीर्ष सापडला. सुमारे सात फूट उंचीचा हा शीर्ष आज सारनाथच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

चार दिशांना तोंड करून पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्या खालच्या गोल पट्टीवर हत्ती, बैल, घोडा व सिंह, प्रत्येक दोन प्राण्यांमध्ये एक चक्र आणि सर्वांत खाली उलटे कमळ अशी त्याची रचना आहे. सिंहांच्या डोक्यावर पूर्वी आणखी एक मोठे चक्र होते. त्याचे अवशेषही उत्खननात मिळाले. म्हणजे सिंह हे या शिल्पाचे शिखर नव्हते. सिंहांनी चक्र पेलले होते. बळ हे धम्माच्या खाली असते, एवढी एक गोष्ट जरी मुलाच्या मनात उतरली, तरी राजमुद्रेचा पाठ सार्थकी लागला असे आम्ही मानतो.

त्याच स्तंभावर कोरलेल्या आदेशात संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना श्वेतवस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे, अशी सम्राटाची आज्ञा आहे. हा भाग मुलांपेक्षा मोठ्यांनीच अधिक लक्षपूर्वक वाचावा.

ध्वजावरील चक्र

२२ जुलै १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी घटना समितीपुढे राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला आणि तो स्वीकृत झाला. पांढऱ्या पट्ट्यावरील निळ्या चक्राचा आकार सारनाथच्या सिंहशीर्षावरील चक्राप्रमाणे असेल, असे त्या ठरावातच नमूद आहे. तत्पूर्वी जून १९४७ मध्ये नेमलेल्या ध्वजविषयक समितीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. पूर्वीच्या ध्वजावर चरखा होता. ध्वजाची दोन्ही अंगे सारखी दिसावीत, ही चरख्याच्या बाबतीतली अडचण नेहरूंनी आपल्या भाषणात सांगितली आहे. लहान मुलांना हे प्रत्यक्ष करून दाखविता येते. पातळ कागदावर एकदा चरखा व एकदा चक्र काढावे आणि कागद उजेडासमोर उलटा धरावा. चरखा फिरतो, चक्र तसेच राहते.

२६ जानेवारी १९५० रोजी सिंहशीर्ष ही भारताची राजमुद्रा झाली. तीत खालचे कमळ घेतलेले नाही आणि मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन जोडलेले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हांस आवश्यक वाटते. चोवीस आऱ्यांचे चोवीस गुण सांगणारी एक यादी सर्वत्र फिरते. आपल्यापैकी अनेक जण प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या अनुलोम व प्रतिलोम मोजून चोवीस आरे सांगतात. चिंतनासाठी ही मांडणी उपयुक्त आहे. परंतु १९४७ च्या ठरावात अशी कोणतीही यादी नाही आणि अशोकाच्या लेखांतही आऱ्यांचा अर्थ दिलेला नाही. तेव्हा मुलांना हा अर्थ सांगताना ‘असे मानले जाते’ हे शब्द गाळू नयेत. ध्वज समितीत बाबासाहेब काय बोलले, याची कल्पित संभाषणेही रचू नयेत. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना दिलेला उपदेश आपल्या अभिमानाच्या विषयांनाही लागू आहे.

शिलालेखांतील मोर आणि वड

अशोकाच्या पहिल्या शिलालेखात एक साधी, घरगुती माहिती आहे. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, तेही हरिण नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. सातव्या स्तंभलेखात माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावल्याची, आंबराया वाढविल्याची आणि विहिरी खोदल्याची नोंद आहे. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, तो अशोकामुळे नव्हे, वडाचेही तसेच. परंतु मोर पाठ करणाऱ्या मुलाला, बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या ताटातला मोर वाचवावयाचे ठरविले, हे सांगितले तर तो पक्षी यादीतून बाहेर येतो.

याकरिता दूर जावयास नको. आपल्याच महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड मिळाला. नवव्याचा खंड १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, मिळाला. शिकारीच्या सहली सोडून आपण संबोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे आठव्या लेखात सम्राट सांगतो. मुंबई परिसरातील बालवर्गांनी नालासोपाऱ्याचा स्तूप अवश्य पाहावा.

एका मुलीचा प्रश्न

कलिंगाची कथा सांगत असताना एका मुलीने आम्हांला विचारले, “एवढी माणसे मारली, तर तो थोर कसा?” प्रश्न रास्त होता. काही पालकांना वाटते की लहान मुलांपुढे युद्धाचा विषय नको. आमचे मत निराळे आहे. कलिंगातून दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली, ही संख्या कोणा शत्रूने नोंदविलेली नाही. ती तेराव्या शिलालेखात अशोकाने स्वतः कोरविली आणि सोबत आपला पश्चात्तापही कोरविला. राजे विजयाचे लेख लिहितात. याने आपला अपराध लिहिला आणि धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय असे म्हटले. आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले, की चूक लपविली नाही आणि पुन्हा केली नाही, म्हणून तो थोर. तिने मान डोलावली. तिचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही, आणि व्हावे असेही नाही.

भारतीय संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात राष्ट्रध्वजाचा आदर राखणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच अनुच्छेदात विज्ञाननिष्ठ दृष्टी, मानवतावाद व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हेही कर्तव्य आहे. पहिले कर्तव्य शिकविताना दुसऱ्याचा विसर पडू नये. आमच्या उपासक-उपासिकांना विनंती अशी, की येत्या राष्ट्रीय सणाला आपल्या मुलांच्या हाती एक नाणे द्यावे, सिंह मोजावयास सांगावे आणि चौथा कोठे आहे, हे त्यांनाच शोधू द्यावे.