पेठांचे कौल

रिकामा माळ नुसत्या हुकुमाने वसत नाही, हे पेशव्यांनी ओळखले होते. म्हणून पुण्यात नवी पेठ वसवावयाची झाली की शेटे-महाजनांस कौल देऊन, येणाऱ्या उदमी व कारागिरांस प्रारंभीची काही वर्षे मोहतर्फ्यासारखे कर माफ करण्याची रीत पडली. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरातील हौदांत आणल्यावर कुटुंबकबिल्यासह राहणे सुकर झाले. सरदारांच्या चौसोपी वाड्यांपासून हाकेच्या अंतरावर, कसब्यातील तांबट आळीत, हातोड्याखाली तांब्याचे हंडे आकार घेत. निरनिराळ्या ऐपतीच्या घरांचे असे सान्निध्य साधले, तरी अस्पृश्यांस पाणवठ्यापासून दूर ठेवणारी ती वस्ती अपुरीच होती, आणि ही उणीव मला त्या वैभवाहून मोठी वाटते. गंज पेठेतील आपल्या घरचा हौद जोतीराव फुल्यांनी त्यांना खुला केला तो १८६८ साली.