हर्नडन ते गिरणगाव : एका सहलीचा बेत

मंडळाच्या महाराष्ट्र सहलीत गड आणि देवळांबरोबर मुंबईचं गिरणगावही घ्यावं, असं मी सुचवलं. तेव्हा इथेच जन्मलेला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, गिरण्या तर बंद पडल्या. तिथे बघायचं काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात मात्र आपल्या हर्नडनमध्येच होते.

इथल्या जुन्या रेल्वे डेपोसमोरून जाणाऱ्या डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर आपण फिरायला जातो. तो ट्रेल म्हणजे एकेकाळचा लोहमार्ग. अलेक्झांड्रियाहून निघालेला हा मार्ग १८६० साली लीसबर्गला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, गुलामांच्या श्रमावर पिकणारा अमेरिकन कापूस इंग्लंडला पोहोचेना. लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मग आपल्या वऱ्हाड-खानदेशाच्या आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. राजाबाई टॉवर उभा राहिला तो त्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून. एप्रिल १८६५ मध्ये आपल्याच व्हर्जिनियात, ॲपोमॅटॉक्स इथे, जनरल ली शरण आले. तेजी ओसरली आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

गिरण्या मात्र टिकल्या आणि वाढल्या. पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू केली होती. पुढे लालबाग-परळ भागात कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांचं गिरणगाव वसलं. या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० साली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले कित्येक पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत.

माझे वडील साचेवाले होते. घरात ते फार मोठ्याने बोलत. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांचा आवाज सभागृहभर घुमला, तेव्हा मी मान खाली घातली होती. पुढे मी इतिहास शिकवला, पण ही गोष्ट मला उलगडली ती मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलला. तिथल्या बूट गिरणीच्या संग्रहालयात जुने साचे आजही चालवून दाखवतात. दारातच कानात घालायला बोळे देतात. ते घालूनही मला पाच मिनिटं आत थांबवेना. वडिलांनी त्या आवाजात तीस वर्षं पाळ्या केल्या होत्या, कानात काहीही न घालता. तोवर ते गेले होते.

म्हणून माझा बेत असा. एका शनिवारी हर्नडनचा डेपो आणि त्यातलं छोटं संग्रहालय पाहू. मग एका लाँग वीकेंडला लॉवेल. तिथून बाहेर पडल्यावर मुलांशी लगेच बोलू नका. कान थोडे शांत होऊ द्या. जानेवारीत मुंबई : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर, आणि एक अख्खा दिवस लालबाग-परळला, पायी. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर दिसतील, मधूनच एखादी चिमणी. चाळी अजून आहेत आणि त्यांत संप पाहिलेली माणसंही आहेत. पण ती आता सत्तरी-ऐंशीत आहेत. चिमणी आणखी दहा वर्षांनीही पाहता येईल कदाचित. माणसांचं तसं नाही.

आवाज लॉवेलला ऐकायचा, आणि तो सोसलेली माणसं मुंबईत भेटायची. एकाशिवाय दुसरं अपुरं आहे.

तेव्हा नाव नोंदवताना एक करा. घरातलं कुणी गिरणीत असेल, तर गिरणीचं नाव, खातं आणि चाळीचा पत्ता लिहून द्या. ठाऊक नसेल तर या दिवाळीच्या फोनवर आजी-आजोबांना विचारा. आपण कुठे कुठे थांबायचं, हे त्या यादीवरूनच ठरवू.