हसवणाऱ्याच्या नावातला दोष

पारशिवनीत बोलायचं तर सुरुवात खडी गंमतीपासून करू. पूर्व विदर्भातली ही लोककला उभ्यानं सादर होते, म्हणून ती 'खडी'. दिवाळीनंतरच्या मंडईत आपण ती पाहतो, पोट धरून हसतो. पण हसवणाऱ्याला आपण म्हणतो काय? तमाशात तो सोंगाड्या, म्हणजे सोंग आणणारा. आणि घरी पोरावर चिडलो की म्हणतो, 'सोंगं करू नकोस!' कलेचा शब्द खोटेपणाचा झाला.

हे जुनंच आहे. संस्कृत नाटकातल्या 'विदूषक' शब्दात 'दूष्' धातू आहे: दोष देणं, बिघडवणं. हा विदूषक राजाजवळ असतो, पण बोलतो प्राकृत. राजाला 'वयस्य', म्हणजे मित्र म्हणतो. 'मृच्छकटिका'त चारुदत्त निर्धन झाला तरी मैत्रेय त्याला सोडत नाही.

आम्हाला वाटतं, मोठ्यांना तोंडावर बोलायची मुभा समाजानं या माणसाला दिली. पण त्याचं बोलणं फार मनावर घ्यावं लागू नये, म्हणून त्याचं नाव हलकं ठेवलं. दादा कोंडक्यांनी १९७१ साली 'सोंगाड्या' हेच नाव चित्रपटाला दिलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. शिवी मात्र शिल्लक राहिली. ती पुसायची तर आपल्या घरच्या बोलण्यातूनच पुसावी लागेल.