उद्यानांच्या वाटेवरचा माळ

उद्यान म्हटले की आमच्या वाशीमसारख्या गावात डोळ्यांपुढे येते ती बाग. चार बाकडी, एखादे कारंजे, मेंदीचे कुंपण. त्यामुळे लहानपणी ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द वाचला तेव्हा वाटले, असेल दिल्लीत एखादी फार मोठी बाग. पुढे नोकरीच्या सुट्ट्या जोडून, कधी एस.टी.ने, कधी मित्राच्या जीपमधून विदर्भातली चारही राष्ट्रीय उद्याने पाहिली. ताडोबा, नवेगाव, पेंच आणि मेळघाटातले गुगामल. महाराष्ट्रातल्या सहापैकी चार आपल्या विदर्भात आहेत. बोरिवली आणि चांदोली तेवढी तिकडे. मी वाघ पाहायला म्हणून गेलो आणि दर वेळी इतिहास घेऊन परतलो.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १८७२ साली यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्या रानात शेकडो वर्षे शिकार करणारे, कंदमुळे खणणारे आदिवासी होते. ते पुढे बाहेर काढले गेले आणि पाहुण्यांना सांगण्यात आले की पाहा, इथे माणसाचा हात लागलेला नाही! आपल्याकडे १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी हेली नॅशनल पार्क झाले, तेच आजचे कॉर्बेट. महाराष्ट्रातले सर्वांत जुने ताडोबा. १९३५ मध्ये तिथली शिकार बंद झाली आणि १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे रान राष्ट्रीय उद्यान ठरले. तेव्हा महाराष्ट्र जन्मलाही नव्हता. चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता.

ताडोबा हे नाव मात्र कोणत्याही सरकारने दिलेले नाही. तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, अशी आख्यायिका आहे. त्याचे ठाणे तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली आहे आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. जिप्सीतला पर्यटक या ठाण्यावरून पुढे निघून जातो, कारण वायरलेसवर वाघाची खबर आलेली असते. मला ते ठाणे वाघाइतकेच महत्त्वाचे वाटते. ज्याला वाघाने मारले त्याचे नाव वाघाच्या घराला मिळाले! कवी म्हणून सांगतो, असे नामकरण कचेरीत सुचत नाही.

नवेगावचे तर विचारूच नका. सात बहिणी नावाच्या टेकड्यांच्या कुशीतला तो तलाव पाहून माणसाला वाटते, निसर्गाची काय करणी! पण तो बांधला अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील या कोहळी माणसाने. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी, पाटाचे पाणी खेळवून धान पिकवणारी जमात. लोकांनी पुढे कोलू पाटलाला कोलासुर म्हणून देवपण दिले. म्हणजे १९७५ साली आपण ज्याला राष्ट्रीय उद्यान म्हटले, त्याचे काळीज शेतकऱ्याने खणलेले आहे. हे सगळे आपल्यापर्यंत आणले मारुती चितमपल्ली यांनी. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. वनाधिकारी म्हणून हिंडताना त्यांनी गोंड, ढिवर, कोहळी माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे मराठीत आणली. इतकी, की आम्हा कवींना आपली शब्दांची पोतडी रिकामी वाटावी.

मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावे रानातून उठून अकोटच्या बाजूला वसली. ताडोब्यातले जामणीही उठले. जिथे त्यांची शेते होती तिथे आज गवत आहे आणि त्या गवतावर चितळ, रानगवे चरतात. फोटो फार सुंदर येतात. त्या कुरणात एखादे आंब्याचे झाड एकटे उभे दिसले, तर ते कुणाच्या परसातले असेल, एवढे मनात आणावे.

वाशीमहून ताडोबा-पेंचच्या दिशेने निघालो की मंगरुळपीर, कारंजा ओलांडावे लागते. दोन्ही बाजूंना माळ. बोरी-बाभळी, कुसळी गवत, मुरमाड जमीन. या माळाचाही इतिहास आहे, पण तो उद्यानांच्या इतिहासात येत नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. त्यांच्या महसूल खात्याला दोनच गोष्टी कळत. सारा देणारे शेत आणि सागवान देणारे जंगल. गवत यांपैकी काहीच देत नाही, म्हणून ते ‘पडीक’. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवा झाला, मागोमाग रेल्वे आली आणि हे पडीक भराभर नांगराखाली गेले. उरले ते गायरान आणि ई-क्लास. आजही आमच्याकडे ‘ई-क्लासची जमीन’ म्हणजे कुणाचीच नसलेली, म्हणून सगळ्यांनी बळकवावी अशी जमीन!

पण ती काळविटाची होती. माळढोकाची आणि लांडग्याची होती. काळवीट घनदाट रानात राहत नाही. त्याला लांबवर दिसले पाहिजे आणि पळायला मैदान पाहिजे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या सर्वसेन राजाच्या गाथा ‘गाहा सत्तसई’त आहेत असे पंडित सांगतात. त्या प्राकृत गाथांमधून हरणे किती सहज ये-जा करतात! आणि आमच्या दुसऱ्या परंपरेचे सांगायचे तर अरबीत ‘गझाल’ म्हणजे हरीण. गझल आणि गझाल यांची मूळ अक्षरे एकच. हरणाच्या शेवटच्या आर्त हाकेतून गझल निघाली, असे जुने उस्ताद सांगत. भाषाशास्त्रज्ञ ते मानणार नाहीत, न मानोत.

या माळावर काळविटाला खऱ्या अर्थाने ओळखणारा माणूस म्हणजे फासेपारधी. शिकवलेल्या जनावराच्या आडोशाने कळपाजवळ जाणे आणि फास मांडणे ही त्याची पिढीजात विद्या. तिकडे कोल्हापूर संस्थानात चित्तेवान चित्ते पाळत. शाहू महाराजांच्या काळात त्यांच्याकडून काळविटाची शिकार होई. राजाची ती शिकार आणि पारध्याचा तो गुन्हा. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पुढे पारधीही आले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चित्त्याला २०२२ मध्ये नामिबियाहून विमानाने कुनोला आणले गेले. पारधी इथेच होता, त्याला आणायला कुणी गेले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला संरक्षण दिले ते योग्यच झाले, पण पारध्याच्या हाती दुसरे काम कोणी दिले नाही.

२००० साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर, म्हणजे पहिल्या ताडोब्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. कळपाला सीमा ठाऊक नसते. रात्री तो तुरीत, हरभऱ्यात उतरतो. नुकसानीला भरपाई आहे, पण आधी पंचनामा व्हावा लागतो. एक शेतकरी मला म्हणाला, ‘‘तुमाले हरन दिसते, शायर सायेब, मले माही तूर दिसते.’’ मी गप्प राहिलो. आता याच अभयारण्याच्या भागातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. प्राण्यांसाठी रस्त्याखालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत, आराखडा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा. काळविटासारखे मोकळ्यावरचे जनावर बोगद्यात शिरायला बिचकते. त्या वाटा त्याच्या किती उपयोगी पडतात, ते वर्षानुवर्षे मोजत राहावे लागेल. आणि ते मोजायला पगारी माणूस हवा असेल, तर खुरावरून नर-मादी सांगणारे पारधी त्याच तालुक्यात राहतात.

ताडोब्याला जरूर जा. पण जाता-येता एक सकाळ कारंज्याला ठेवा. हिवाळ्यात, सूर्य उगवण्याआधी पोहोचावे. जिप्सीची नाही, दुर्बिणीची गरज पडेल. भडक कपडे नकोत. काळा नर एकटा, आपल्या लेंड्यांच्या ढिगाशी उभा असतो आणि तांबूस माद्या जरा दूर. गाडीतून उतरून चालत गेलात तर कळप पळेल, तेव्हा गाडीतच बसा आणि इंजिन बंद ठेवा.