ठिपक्याएवढी दीर्घिका

आज इतिहासच सांगणार आहे, पण लढाईचा नाही. आकाशातल्या एका ठिपक्याचा.

१९६०च्या दशकात अमेरिकेत फ्रिट्झ झ्विकी हे खगोलशास्त्रज्ञ पालोमार वेधशाळेतल्या काचेच्या फोटोप्लेटा तपासत होते. त्यांत काही ठिपके असे होते, की ते ताऱ्यांपासून वेगळे ओळखणंच मुश्कील. प्रत्यक्षात त्या अख्ख्या दीर्घिका होत्या. झ्विकींनी त्यांना ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं आणि १९७१ साली त्यांची यादी स्वतःच छापून काढली. माणूस भलता तिखट. प्रस्तावनेत समकालीन शास्त्रज्ञांवर असे तुटून पडलेत, की यादीआधी तीच वाचावी!

त्यांतली सर्वांत गाजलेली दीर्घिका म्हणजे ‘आय झ्विकी १८’. सप्तर्षी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ५.९ कोटी प्रकाशवर्षं दूर. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद, तर ही काही हजारांतच आटोपते. रंगानं निळी, कारण तप्त, तरुण तारे निळे दिसतात. आणि सगळ्यांत चक्रावणारी गोष्ट म्हणजे तिच्यात जड मूलद्रव्यं जवळपास नाहीतच. ऑक्सिजन सूर्याच्या तुलनेत जेमतेम दोन-तीन टक्के.

यातली गंमत आम्हा भिलाईकरांना पटकन कळते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराचं लोहखनिज तेव्हापासून या गावाला पोसतंय. पण त्या खनिजातलं लोखंड मुळात बनलं ताऱ्यांत. ताऱ्यांच्या कितीतरी पिढ्या जळतात, फुटतात, तेव्हा असा माल दीर्घिकेत साठतो. जिच्या कोठारात मालच नाही, तिथली भट्टी नुकतीच पेटली असणार, नाही का?

सर्ल आणि सार्जंट या दोघांनी १९७२ साली हाच प्रश्न नेमका मांडला. दीर्घिका खरंच कोवळी आहे, की मधूनमधून तारे घडवणारी जुनी? वाद तीस वर्षांवर चालला. २००४ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिचं वय फक्त ५० कोटी वर्षं ठरवलं गेलं आणि मोठा गाजावाजा झाला. २००७ साली हबलनंच तिच्यातले अंधुक, म्हातारे तारे दाखवले. वय निदान १०० कोटींच्या पुढे गेलं, अंतरही आधीच्या अंदाजापेक्षा जास्त निघालं.

वयाचा अंदाज असा फसला. पण या जातीच्या दीर्घिका खरोखर आटोपशीर तरी आहेत का? इथे आपला देश चित्रात येतो.

२८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोटाहून ॲस्ट्रोसॅट उपग्रह सुटला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा, यूव्हीआयटीचा, आरसा साडेसदतीस सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. कागदावर तुलनाच नको. पण निरीक्षण चौकीत रात्र काढलेला कुठलाही जवान सांगेल, की दुर्बिणीच्या आकाराइतकाच समोरचा निखळ अंधार महत्त्वाचा. यूव्हीआयटीच्या चित्रांत पार्श्वभूमी फार काळी मिळते. बराच वेळ टक लावून बसलं, की अगदी फिकट उजेडही हाती लागतो.

पुण्याच्या ‘आयुका’तले कनक साहा, तेजपूर विद्यापीठाचे अंशुमन बोरगोहाईन आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी अशा ११ निळ्या, बुटक्या दीर्घिका निवडल्या. अंतर १३० ते २८० कोटी प्रकाशवर्षं. जुलै २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. दृश्य प्रकाशात दीर्घिकेची कड जिथे संपते, त्याच्या बरंच पलीकडे अतिनील उजेड पसरला होता. म्हणजे तिथे कुंपणाबाहेर नवे तारे जन्माला येत होते! बाहेरून आलेल्या वायूतून ताऱ्यांचे पुंजके बनतात आणि हळूहळू मध्याकडे सरकतात, दीर्घिका वाढत जाते, असा शास्त्रज्ञांचा अर्थ. ठिपका दिसत होता तो फक्त गाभा होता.

मला स्वतःला यात उपग्रहापेक्षा चिकाटीचं कौतुक जास्त वाटतं. आकाशाच्या एकाच तुकड्याकडे तासन् तास पाहत राहायचं, आणि तेही लहान आरशातून.

हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांपलीकडे फारसं कोणी नव्हतं. बाहेर दिसलेले ते पुंजके एव्हाना गाभ्यात विरूनही गेले असतील.