गुन्हा रक्तात असलेलं घराणं

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, हातात दहा बाजूंचे फासे, समोर आपापल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद. एक जण कथा पुढे नेतो, बाकीचे पिशाच्च होऊन तिच्यात वावरतात. मार्क राईन-हागेन यांचा ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड’ हा खेळ १९९१ साली अमेरिकेत आला. त्यातल्या पिशाच्चांची घराणी आहेत, आणि प्रत्येक घराण्याला काही खास शक्ती व एक शाप. त्यांपैकी ‘रावनोस’ घराण्याचं मूळ भारतात दाखवलं होतं. भास निर्माण करणं ही त्यांची विद्या. युरोपातल्या रोमा, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हणून हिणवलं जाई, त्या भटक्या लोकांशी त्यांचं नातं जोडलेलं होतं.

शाप काय होता? रावनोस पात्र घेणाऱ्याने चोरी, फसवणूक असा एखादा दुर्गुण आधीच निवडायचा. तशी संधी समोर आली की फासे टाकायचे. दान पडलं तरच पात्राला मोह आवरता येणार. नाही पडलं तर गुन्हा करावाच लागणार. गुन्हेगारी वृत्ती रक्तातूनच येते, असा हा नियम होता.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले. त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली. युरोपने त्यांना शतकानुशतकं चोर ठरवलं आणि नाझींनी त्यांच्यातल्या लाखोंना ठार मारलं. तीच जुनी बदनामी या खेळात नियम बनून आली.

हैदराबादच्या वाचकाला हे परकं वाटू नये. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो देशभर पसरला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरल्या. पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. ती वस्ती आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखली जाते. निजामाच्या राज्यात लमाण-बंजाऱ्यांचं काय झालं, ते हैदराबाद विद्यापीठाचे इतिहासकार भांग्या भुक्या यांनी ‘सब्जुगेटेड नोमॅड्स’ या ग्रंथात मांडलं आहे. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणारे हे व्यापारी. रस्ते आणि रेल्वे आल्यावर त्यांचा धंदा बसला, आणि मग त्यांच्यावरच गुन्हेगारीचा शिक्का बसला. शहरातल्या बंजारा हिल्सच्या नावात तो समाज अजून आहे. एकेकाळी निजामाच्याच राज्यात असलेल्या लातूर भागातले लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात जन्माने चोर ठरवलं जाणं म्हणजे काय, ते आतून सांगितलं. त्या पुस्तकाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

खेळाच्या कर्त्यांनी रावनोसांचा प्रश्न सोडवला तो मात्र भलत्याच रीतीने. १९९९च्या ‘टाइम ऑफ थिन ब्लड’ या पुस्तकात घराण्याचा मूळपुरुष बांगलादेशात जागा होतो, दिवस-रात्र घनघोर युद्ध पेटतं आणि शेवटी त्याचा नाश होतो. त्याच्या वेडाची लागण होऊन वंशजही एकमेकांना फाडून खातात. वर्षानुवर्षं जपलेली पात्रं अशी हातची गेल्यावर अनेक खेळाडू बिथरले, आणि त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. अपमानकारक नियम चुकीचा होता हे मान्य करण्याऐवजी अपमानित घराणंच संपवणं, हा न्याय नव्हेच.

पुढे २०१८ साली खेळाची पाचवी आवृत्ती आली, आणि खऱ्या माणसांच्या दुःखाशी पुन्हा तसाच खेळ झाला. तिच्या ‘कॅमरिला’ या पुस्तकात चेचन्यातल्या समलिंगींच्या खऱ्याखुऱ्या छळाला पिशाच्चांच्या कारस्थानाचं रूप दिलं होतं. गदारोळ झाला, प्रकाशकांना माफी मागून तो भाग काढावा लागला, आणि मालक असलेल्या पॅराडॉक्स कंपनीने ‘व्हाइट वुल्फ’ या प्रकाशन संस्थेचं स्वतंत्र अस्तित्वच संपवलं.

रावनोस २०२०च्या ‘कम्पॅनियन’ या पुस्तकात परतले. गुन्ह्याचा शाप गेला. आता मूळपुरुषाला जाळणारी आग वंशजांच्या रक्तात धुमसते. सात रात्रींत एकाच जागी दुसऱ्यांदा झोपलं तर ती अंगावर उठू शकते. चोरीचा डाग पुसला, हे मोठंच काम झालं. पण आता भटकणं हाच शाप ठरला. तांडे घेऊन मुलूखभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांसाठी भटकणं हा पोटापाण्याचा उद्योग होता. त्यांनी वाहिलेल्या धान्यावर दख्खनमधल्या फौजा पोसल्या गेल्या.