लाल महालातील घर : वीरमातेची प्रतिमा आणि कुटुंबाचा साचा

पुण्याच्या कसबा पेठेत आज जो लाल महाल दिसतो तो सतराव्या शतकातला नाही. मूळ वाडा काळाच्या ओघात नाहीसा झाला. सध्याची वास्तू महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारली. हे ठाऊक असूनही तेथे आलेला माणूस ‘शिवाजी महाराज येथे वाढले’ असेच म्हणतो. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही, कारण तो वास्तूपेक्षा एक घर पाहत असतो : सोन्याचा नांगर धरलेला मुलगा, शेजारी माता आणि डिसेंबर २०१० पर्यंत त्यांच्यासोबत असलेले दादोजी कोंडदेव. या घराची रचना कोणत्या काळातली आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ती सतराव्या शतकातील सरदार घराण्याची नसून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची आहे. आणि या साच्याने जिजाबाईंचा जेवढा गौरव केला तेवढाच संकोचही केला, असे येथे सुचवायचे आहे.

प्रथम सतराव्या शतकातील घर पाहू. जिजाबाई सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात लखुजींची त्यांच्या पुत्रांसह हत्या झाली. जाधव आणि भोसले ही घराणी वेळोवेळी परस्परविरोधी पक्षांत होती. म्हणजे या स्त्रीचे माहेर आणि सासर हे भावनेचे दोन कप्पे नव्हते. ती दक्षिणेतल्या राजकारणाची दोन टोके होती. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. थोरले पुत्र संभाजी त्यांच्याजवळ राहिले. धाकटे शिवाजी आईसह पुणे जहागिरीवर आले. या विभागणीत आजच्या वाचकाला विस्कटलेले घर दिसते. तिच्याकडे जहागिरींच्या भूगोलाला अनुसरून केलेली घराण्याची मांडणी म्हणूनही पाहता येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत बालपणाचा भाग अत्यंत त्रोटक आहे. परगणा, कारभारी आणि माणसे यांची नोंद होते. आईच्या मांडीवर बसून कथा ऐकणारे मूल हा त्या कथनाचा केंद्रबिंदू नाही. बखरकाराच्या लेखी माणूस घडतो तो घराण्यामुळे, सेवकांमुळे आणि ईश्वरी प्रसादामुळे. ‘संस्कार’ ही संकल्पना आपण ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने ती त्याला आवश्यक वाटत नाही.

त्याच काळातील कागदपत्रांत जिजाबाई दिसतात त्या मात्र ठसठशीतपणे. इनामे व निवाडे यांच्या संदर्भात त्यांचा अधिकार मानला गेलेला आहे. परंपरा कसबा गणपतीच्या स्थापनेचे श्रेय त्यांना देते. म्हणजे उजाड झालेल्या कसब्याची वस्ती पुन्हा बसवण्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडते. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याची जबाबदारी मातुश्रींकडे होती. त्यांच्या फार्सी मुद्रेत त्यांची ओळख शिवाजीराजांची माता अशी आहे. येथे ‘माता’ हा शब्द वात्सल्याचा वाचक नाही. तो पदाचा, अधिकाराचा वाचक आहे. पुढे शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ बदलला. आपल्या विवेचनाचा कळीचा मुद्दा हाच आहे.

हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातच घडलेला दिसतो. स्त्रीशिक्षणाचे समर्थन करताना त्या काळी सर्वांत सोयीचा युक्तिवाद होता तो सुमातेचा : शिकलेली आई चांगले पुत्र घडवील आणि चांगले पुत्र राष्ट्र घडवतील. या युक्तिवादामुळे स्त्रीसाठी शाळेचे दार उघडले. पण शिक्षणाचे प्रयोजन तिच्या बाहेर, पुत्राच्या ठिकाणी ठेवले गेले. १८८२ मध्ये पुण्यातच छापल्या गेलेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात ताराबाई शिंदे यांनी स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या ठरावीक विशेषणांनाच आव्हान दिले होते. त्या दिशेने विचार फारसा पुढे गेला नाही. १८८४ मध्ये मुलींची हायस्कूल सुरू करण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात शिवाजी महाराजांच्या जडणघडणीत मातेच्या प्रेरणेला अग्रस्थान दिले. पुढे दहा वर्षांनी, १९१० मध्ये, रमाबाई रानडे यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांत शिकू पाहणाऱ्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून सोसावा लागलेला जाच आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर एकाच घरात आदर्श माता इतिहासात आणि वाचणारी स्त्री माजघरात अशा दोन पातळ्यांवर वावरताना दिसतात. रमाबाईंचे सार्वजनिक कर्तृत्व कोणाची माता म्हणून उभे राहिलेले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

याला एक वेगळा प्रवाह होता. १८६९ च्या पोवाड्यात जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले आणि त्यांच्या कर्तृत्वाला गुरूची आवश्यकता नाकारली. कुटुंबाच्या चित्रातून शिक्षक वगळणे ही येथे केवळ तपशिलाची दुरुस्ती नव्हती. ज्ञान देण्याचा अधिकार कोणत्या जातीकडे, हा प्रश्न त्यातून विचारला गेला होता. म्हणजे माता, पुत्र आणि गुरू हे त्रिकूट घडत असतानाच त्याला छेद देणारे वाचनही मराठीत उपलब्ध होते.

विसाव्या शतकात या त्रिकुटाला मानसशास्त्राचा आधार मिळाला. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिवचरित्रात जदुनाथ सरकारांनी पतीकडून उपेक्षित झालेली, धर्माकडे वळलेली माता आणि तिच्या सहवासात वाढलेला एकाकी पुत्र असे स्पष्टीकरण दिले. घराण्याच्या राजकारणाची जागा येथे मनाच्या व्यापारांनी घेतली. १९३५ मध्ये साने गुरुजींची ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली आणि संस्कार करणारी आई हा मराठी मनाचा स्थायी संकेत बनला. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’पर्यंत (१९६८) शिवचरित्रपर कादंबरीचा वाचक हा संकेत मनात घेऊनच पुस्तक उघडत होता. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर लोकप्रिय शिवकथेत जिजाबाई पात्र उरत नाहीत, त्या एक कार्य होतात. पुत्र घडला की ते कार्य संपते.

या पार्श्वभूमीवर लाल महालातील अलीकडच्या घटना पाहता येतात. दादोजी हे गुरू होते या मांडणीला आक्षेप घेतला गेला आणि महानगरपालिकेने २७ डिसेंबर २०१० रोजी त्यांचा पुतळा तेथून हलवला. आक्षेपामागील जातिविषयक जाणीव फुल्यांच्या प्रश्नाशी नाते सांगते आणि ती गांभीर्याने घेतली पाहिजे. परंतु वाद झाला तो शिक्षकाच्या जागेविषयी; आईच्या जागेविषयी झाला नाही. पुतळा राहावा म्हणणारे आणि जावा म्हणणारे या दोहोंनाही माणूस घरात, आईच्या संस्काराने घडतो हे गृहीतक मान्यच होते. त्याआधी ५ जानेवारी २००४ रोजी, शहाजी-जिजाबाईंच्या कौटुंबिक जीवनाविषयी एका इंग्रजी ग्रंथात आलेल्या मजकुराचे निमित्त होऊन भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला होता. त्या मजकुराचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र सतराव्या शतकातील एका घराण्याविषयीचे विधान आपल्याच घरावर घेतलेला आळ वाटावे, इतके ते घर आपले झाले आहे, हे त्यातून कळते. साचा प्रभावी ठरतो तो असा : त्यात आपण इतिहास पाहत नाही, स्वतःला पाहतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. इतिहासात जिजाबाईंची मुद्रा, त्यांचा अधिकार आणि त्यांचा कारभार पाळण्याच्या मागे झाकला जातो. वर्तमानात प्रत्येक आईवर पुत्राच्या यशापयशाचा हिशेब येतो. बाप, गाव, जात, शाळा, रोजगार हे सारे घटक नामानिराळे राहतात. लाल महालापासून जवळच, कसब्यातल्याच तांबट आळीत घर आणि कारखाना यांच्यात भिंत नव्हती. मूल घडत होते ते हातोड्याच्या आवाजात, साऱ्या आळीच्या देखरेखीखाली. त्या घडण्याला संस्कारकथेत जागा नाही. म्हणून वीरमातेची प्रतिमा मोडण्याची गरज नाही. तिच्या मुद्रेवरील ‘माता’ या शब्दाचा राजकीय अर्थ तिला परत मिळवून देणे, एवढे काम इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाला करता येण्याजोगे आहे.